ड्रायर फिरत नाही? मोटर बदलण्याआधी हे बघा

मृगाचा पाऊस पडतो, बोअरला पाणी येतं आणि एप्रिलपासून कोपऱ्यात चादर टाकून ठेवलेलं कपडे धुण्याचं मशीन पुन्हा चालू होतं. धुण्याची बाजू नीट चालते. कपडे पिळायला ड्रायरच्या टबात टाकले, टायमर फिरवला, की नुसतं ‘हूंऽऽ’; टब जागचा हलत नाही. कधी तर तेवढाही आवाज नाही. लगेच घरात कोणीतरी निकाल देतं, ‘मोटर गेली.’

बहुतेक वेळा मोटर गेलेली नसते. मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा शे-दीडशे रुपयांचा कंडेन्सर, ताणली गेलेली ब्रेकची तार, टबाच्या बुडाशी गुंडाळलेला रुमाल, नाहीतर पाण्याच्या नळीचं तोंड उंचावर ठेवलेलं, यांतलं काहीतरी निघतं. यातलं कोणतं, हे मशीन उघडायच्या आधीच बरंचसं ओळखता येतं. त्यासाठी कान आणि पाच मिनिटं लागतात.

आधी सेमी ऑटोमॅटिकचं, म्हणजे दोन टबांच्या मशीनचं बघू. गावाकडं तेच जास्त दिसतं आणि थोडं हत्यार हातात धरणाऱ्याला ते घरी उघडता येतं. या मशीनच्या पिळायच्या टबाला सगळेच ड्रायर म्हणतात. तो गरम हवेने काही वाळवत नाही, नुसता गरागरा फिरवून पाणी बाहेर फेकतो. पण नाव रूढ झालंय, तर आपणही ड्रायरच म्हणू.

आत काय आहे

ड्रायरला स्वतःची वेगळी मोटर असते. ती टबाच्या खाली उभी बसवलेली असते आणि तीन स्प्रिंगांवर डुलते. तिच्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, दोन दांडे जोडणारं एक कपलिंग, कपलिंगमध्ये वरून आलेला टबाचा शाफ्ट. बस, एवढंच. मध्ये ना पट्टा, ना गिअर. मोटर मिनिटाला साधारण १३५० ते १४०० फेरे घेते, तेवढेच टब घेतो. टबाचा शाफ्ट बाहेरच्या, न फिरणाऱ्या पिंपाच्या बुडातून खाली उतरतो तिथं रबरी घडीचं सील असतं. पाणी मोटरवर पडू नये हे त्याचं काम. कपलिंगचा बाहेरचा भाग ड्रमसारखा गोल असतो आणि त्याला ब्रेकचा गुटका घासतो. गुटक्याची तार वर झाकणापर्यंत गेलेली असते. झाकण लावलं की तार ओढली जाते आणि गुटका सुटतो, झाकण उघडलं की गुटका ड्रमला चिकटतो. झाकणाखालीच एक छोटा स्विच असतो. झाकण उघडं असेल तर तो मोटरची लाईन तोडतो.

ब्रेकची ही रचना ध्यानात नसली की माणूस फसतो. झाकण उघडून हाताने टब फिरवायला जातात, तो जड लागतो, आणि ‘जाम झालाय’ म्हणून मोकळे होतात. झाकण उघडं असताना टब जड लागायलाच हवा, ब्रेक लागलेला असतो. टब खरंच जाम आहे का हे बघायचं तर प्लग काढा, मागचं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं पॅनल उघडा, झाकण बंद करा आणि मागून कपलिंग हाताने फिरवा. ते सुताच्या चकतीसारखं हलकं फिरलं पाहिजे.

प्लग काढा, हे वर लिहिलंच आहे, तरी पुन्हा लिहितो. बटण बंद करणं म्हणजे प्लग काढणं नव्हे. बऱ्याच घरांत वायरिंग उलटसुलट झालेलं असतं, बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं, आणि बटण बंद असूनही आत करंट राहतो. न्हाणीची ओली फरशी आणि अनवाणी पाय असताना हा जुगार खेळू नका. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन अर्थिंगची. ती भिंतीतल्या सॉकेटात नुसती घुसते की तिला खरोखर अर्थिंगची तार जोडलेली आहे, हे एकदा वायरमनकडून तपासून घ्या. बोर्डात ३० मिलिअँपिअरचं गळती ओळखणारं ब्रेकर बसवलं तर फारच उत्तम.

आवाजावरून ओळख

टायमर फिरवल्यावर काहीच आवाज नसेल तर वीज मोटरपर्यंत पोचत नाही. ‘टायमर टिकटिक करतोय, म्हणजे लाईट आहे’ हा समज काढून टाका. सेमीचा टायमर घड्याळासारखा चावीवर चालतो. प्लग काढून ठेवला तरी टिकटिक येईल. धुण्याची बाजू चालत असेल तर वायर आणि प्लग ठीक आहेत. मग संशय तिघांवर: झाकणाखालचा स्विच, टायमरचे आतले पॉइंट, आणि मोटरच्या गुंडाळीत, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांत, दडवलेला गरमीचा फ्यूज. प्लग काढून मल्टीमीटर बीपवर ठेवा. झाकण बंद करून स्विचच्या दोन तारांवर सुया टेकवा, बीप आला पाहिजे. झाकण उघडलं की बंद झाला पाहिजे. टायमरचंही तसंच, फिरवलेला असताना बीप, शून्यावर आला की गप्प.

झाकणाच्या स्विचमध्ये पावडर आणि पाण्याचा चिकटा जाऊन पॉइंट काळे पडतात. काही वेळा स्विच धडधाकट असतो, पण झाकणाच्या बिजागरीजवळची प्लास्टिकची जीभ तुटलेली असते, ती स्विच दाबतच नाही. नवा स्विच स्वस्तात मिळतो. इथे एक वाईट सवय सांगितली पाहिजे. अनेक जण स्विच ‘डायरेक्ट’ करून देतात, म्हणजे दोन्ही तारा जोडून टाकतात. ड्रायर चालू होतो, गिऱ्हाईक खूश. पण मग झाकण उघडलं तरी मोटर पळत राहते. फिरत्या टबातून लोंबणाऱ्या साडीचा पदर बोटांभोवती गुंडाळला गेला तर बोट जागेवर राहत नाही. घरात लहान लेकरं असतील तर असं काम कोणी फुकट करून दिलं तरी घेऊ नये.

वर्दळ जास्त, टबभर कपडे, लागोपाठ पाच-सहा वेळा पिळून काढल्यावर ड्रायर बंद पडला आणि पाऊण तासाने आपोआप चालू झाला, तर तो गरमीचा फ्यूज आहे. मोटर तापली की तो तोडतो, निवली की जोडतो. काही मोटरींत तो एकदाच जळणारा असतो. तो गेला की गुंडाळी उघडावी लागते.

आता दुसरा आवाज. ‘हूंऽऽ’ येतो, टब हलत नाही किंवा थोडा थरथरतो. अशा वेळी दोन-तीन सेकंदांत टायमर शून्यावर आणा. अडकलेली मोटर चालत्या मोटरीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. तो सगळा करंट तारेत उष्णता होतो आणि गुंडाळीवरचं वार्निश जळतं. ‘अजून एकदा बघू, अजून एकदा बघू’ करत करत चांगली मोटर जाळल्याची उदाहरणं कोणत्याही दुरुस्तीवाल्याकडे भरपूर असतात.

हूं आवाजाची कारणं दोन गटांत पडतात: काहीतरी टबाला धरून बसलंय, नाहीतर मोटरला सुरुवातीचा धक्का मिळत नाही. वर सांगितलं तसं मागून कपलिंग फिरवून बघा. जड असेल तर पहिला गट, हलकं असेल तर दुसरा.

जड फिरतंय

आधी ब्रेकची तार बघा. वापरून वापरून ती ताणते, किंवा वरच्या टोकाची प्लास्टिकची अडकवणी तुटते. मग झाकण लावूनही गुटका पुरता सुटत नाही. टब रखडत फिरतो, जळल्या रबराचा वास येतो, कपलिंगभोवती काळी भुकटी पडलेली दिसते. झाकण बंद असताना गुटका आणि ड्रम यांच्यामध्ये जुनं पोस्टकार्ड अडखळल्याशिवाय सरकलं पाहिजे. सरकत नसेल तर तारेचं टोक एक आटा घट्ट करून घ्या, किंवा तार बदला. घाईत ब्रेकच काढून टाकू नका. झाकण उघडल्यावर टब दहाएक सेकंदांत थांबायला हवा. ब्रेक काढला तर तो किती तरी वेळ फिरत राहतो आणि माणूस तेवढा वेळ थांबत नाही, हात घालतोच.

तार ठीक असेल तर टबाच्या बुडाशी कपडा अडकलेला असू शकतो. पायमोजा, हातरुमाल, लेकराचं टोपडं, ब्लाउजची नाडी. कपडे टबाच्या काठापर्यंत भरले आणि वरची प्लास्टिकची दाबण लावली नाही, की छोटा कपडा उडून आतल्या टबाच्या आणि बाहेरच्या पिंपाच्या फटीत पडतो आणि शाफ्टला वेटोळं घालतो. बॅटरीच्या उजेडात दिसला तर जाड तारेचा आकडा करून ओढून निघतो. आकड्याने सील फाटू नये एवढी काळजी घ्या. निघाला नाही तर टब वर काढावा लागतो.

तिसरं कारण सील आणि बुश (सीलच्या आतली, शाफ्ट जिच्यात फिरतो ती नळी), आणि आपल्याकडं ते फार महत्त्वाचं. काळ्या पाषाणातून आलेलं बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं असतं. बादलीच्या काठाला, नळाच्या तोटीला जो पांढरा थर धरतो तोच सीलमधल्या शाफ्टवरही धरतो. मशीन रोज चालू असेल तर थर घासून जातो. पण उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढताना कोणी मशीन लावत नाही. दोन-अडीच महिने ते कोरडं पडतं, थर दगडासारखा होतो, शाफ्ट गंजतो, रबर आखडतं. मृगात चालू केलं की हूं.

सील बदलायचं काम घरी होतं, पण सावकाश. प्लग काढा, पाणी पूर्ण काढा, मागचं पॅनल उघडा. कशालाही हात लावण्याआधी मोबाईलवर दोन-चार फोटो काढा, कारण कंपनीगणिक तारांचे रंग बदलतात. कपलिंगवर वरच्या बाजूला टबाच्या शाफ्टला धरणारा बोल्ट आणि त्यावर लॉकनट असतो. आधी लॉकनट सैल करा, मग बोल्ट. बोल्टचं टोक शाफ्टवरच्या खळग्यात बसलेलं असतं, म्हणून तो चार-पाच आटे तरी बाहेर आला पाहिजे. अर्धवट सोडून टब ओढला तर शाफ्टवर चरा पडतो. आता टब दोन्ही हातांनी सरळ वर ओढा. गंजला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा, हातोडा मारू नका, टबाचं प्लास्टिक तडकतं. टब निघाला की पिंपाच्या बुडातलं जुनं सील काढा. जागा कपड्याने पुसा, क्षाराचा थर लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्याने सैल करा. शाफ्टला बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. नव्या सीलच्या आत बुशाला ग्रीस भरा, बाहेरच्या कडेला नको. बसवल्यावर टब लावण्याआधी पिंपात तांब्याभर पाणी ओता आणि खाली थेंब पडतो का ते दहा मिनिटं बघा. ही तपासणी आधीच केली तर पुन्हा सगळं खोलायची वेळ येत नाही. मग टब घालून बोल्ट बरोबर खळग्यात आणा, घट्ट करा, शेवटी लॉकनट.

सील बदलताना खाली मोटरच्या डोक्यावर गंजाचे ओघळ दिसले तर पाणी बऱ्याच दिवसांपासून गळत होतं असं समजा. मोटरच्या वरच्या बेअरिंगमध्ये पाणी गेलेलं असेल. कपलिंग सोडवून नुसता मोटरचा शाफ्ट फिरवून बघा. किरकिर आली तर बेअरिंग बदलून घ्या. बोअरच्या मोटरी रिवाइंड करणारा तालुक्यात प्रत्येक ठिकाणी असतो, त्याला हे काम नवं नाही.

हलकं फिरतंय, पण उठत नाही

इथे कंडेन्सर. डब्यावर कपॅसिटर लिहिलेलं असतं, दुकानात दोन्ही नावं चालतात.

सिंगल फेजची मोटर स्वतःहून फिरायला सुरू होऊ शकत नाही. एकाच गुंडाळीतली वीज रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, पुढे-मागे सारखंच खेचते. सायकलचं पेडल अगदी उभ्या रेषेत असलं की वर कितीही जोर द्या, चाक हलत नाही. कोणी मागून थोडं ढकललं की मग पुढं आपलं आपण चालतं. मोटरमध्ये ढकलायचं काम दुसरी गुंडाळी करते, आणि तिच्यातली वीज थोडी आगेमागे व्हावी म्हणून मध्ये कंडेन्सर लावलेला असतो. तो मेला की धक्का मिळत नाही. तो मेला नाही पण थकला, तर रिकामा टब फिरतो आणि ओले कपडे टाकले की अडतो. ही दुसरी खूण लोकांच्या लक्षात येत नाही. वाटतं मोटर कमजोर झाली.

ड्रायरच्या मोटरचा कंडेन्सर साधारण ४ ते ६ मायक्रोफॅरडचा (हे त्याची क्षमता मोजायचं माप) असतो, धुण्याच्या मोटरचा त्याहून मोठा. बऱ्याच मशीनांत दोन्ही एकाच डब्यात असतात आणि वर १०+५ किंवा १२+५ असं छापलेलं असतं. म्हणजे एक निम्मा मेला तरी डबा पूर्ण बदलायचा. काढण्याआधी त्यातली साठलेली वीज उतरवा: होल्डरमध्ये लावलेल्या साध्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या दोन तारा त्याच्या टोकांना क्षणभर टेकवा. मायक्रोफॅरड मोजणारं मल्टीमीटर असेल तर छापील आकड्याशी ताडून बघा. छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी भरला तर बदला. डबा फुगलेला, तडकलेला, चिकट तेल गाळणारा असेल तर मोजायचीही गरज नाही.

नवा घेताना आकडा तोच आणि व्होल्टेज ४४० एसी. ‘मोठा लावला की जोरात फिरेल’ हे खोटं आहे. मोठ्या कंडेन्सरने दुसऱ्या गुंडाळीतून जास्त करंट जातो आणि ती तापून जळते. पंख्याचा २.५ चा लावून वेळ भागवणंही नको, ओल्या कपड्यांना तो पुरत नाही. पंपाचा स्टार्टिंग कंडेन्सर तर अजिबात नाही. तो सुरुवातीचा क्षणभरच लाइनीत राहायला बनवलेला असतो, इथे कायम राहिला तर फुटेल.

कंडेन्सर नवा लावूनही हूंच येत असेल तर मग मोटरच्या गुंडाळीकडं जा. मोटरमधून तीन तारा येतात. मल्टीमीटर ओमवर ठेवून दोन-दोन तारांमध्ये तीन मोजमापं घ्या. सर्वांत मोठा आकडा हा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका आला पाहिजे, उदाहरणार्थ ३०, ४५ आणि ७५. ज्या दोन तारांमध्ये मोठा आकडा आला त्या सोडून तिसरी तार कॉमन. एखाद्या जोडीत आकडाच आला नाही तर गुंडाळी तुटली. बेरीज जमली नाही तर आत शॉर्ट आहे. आणि तीनपैकी कोणत्याही तारेचा मोटरच्या अंगाशी काही आकडा दाखवला तर ती मोटर लगेच बाजूला काढा. अंगात करंट उतरवणारी मोटर हीच.

मोटर खरोखर गेली असेल तर रिवाइंड करायची की नवी घ्यायची? नवी घेताना आत तांब्याची तार आहे की ॲल्युमिनियमची हे विचारा, वजन हातात घेऊन बघा. स्वस्तातली हलकी मोटर दोन उन्हाळे काढेल याची खात्री नाही. ओळखीच्या, नीट काम करणाऱ्या कारागिराने तांब्यात भरलेली जुनी मोटर आम्हाला जास्त भरवशाची वाटते.

आणखी एक गोष्ट, व्होल्टेजची. संध्याकाळी गावभर कूलर लागले की दिवे पिवळे पडतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. २३० च्या जागी १८० आले तर जोर शंभरावरून एकसष्टावर येतो. अशा वेळी निरोगी ड्रायरही हूं करतो. सकाळी फिरतो आणि संध्याकाळी नाही, तर मशीन खोलण्याआधी सॉकेटचं व्होल्टेज मोजा.

मोटर पळते, टब उभा

आवाज नेहमीसारखा, उलट जरा जास्तच हलका, पण टब हलत नाही. कपलिंगचा बोल्ट सैल झालाय. घट्ट करा, लॉकनट लावा, पाच मिनिटांचं काम. शाफ्टवरचा खळगा घासून गोल झाला असेल तर बोल्ट टिकत नाही. मग कपलिंग किंवा टब-शाफ्ट बदलावा लागतो.

नळी उंच आणि टब पाण्यात

ही चूक खास पाणीटंचाईच्या मुलखातली. धुण्याचं पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक नळी उचलून पिंपात, हौदात सोडतात. ते पाणी फरशीला, झाडांना, संडासला लागतं. हेतू चांगला. पण सेमी ऑटोमॅटिकला पाणी वर ढकलणारा पंप नसतो. पाणी उताराने जातं. नळीचं तोंड टबाच्या बुडापेक्षा वर गेलं की कपड्यांतून निघालेलं पाणी ड्रायरच्या पिंपातच साठतं, आणि टब त्या पाण्यात रवीसारखा घुसळत राहतो. वेग धरत नाही, मोटर तापते, पाणी सीलवरून मोटरवर उतरतं. पाणी साठवायचंच तर मशीन विटांच्या पक्क्या ओट्यावर चढवा आणि भांडं खाली ठेवा. दोन्ही बाजूंची नळी एकच असते, म्हणून एकीकडे धुण्याचं पाणी सोडलेलं आणि दुसरीकडे ड्रायर चालू, असंही करू नका.

वाकळ आणि तोल

ड्रायर थोडा फिरतो, मग धाडधाड आपटतो आणि बंद करावा लागतो. यात बिघाड काहीच नसतो, भरण्याची पद्धत चुकलेली असते. आकडे बघा. २४ सेंटिमीटर रुंदीचा टब मिनिटाला १३५० फेरे घेत असताना काठाशी एका बाजूला फक्त १०० ग्रॅम जास्त असले, तर ते टबाला सुमारे २४ किलोच्या ओढीने बाहेर खेचतात. कोरडी तीन किलोची वाकळ भिजली की आठ-नऊ किलोची होते आणि एका बाजूला गोळा होऊन बसते. तिला ड्रायरमध्ये घालूच नये. बाजेवर टाकून निथळू द्यावी. नऊवारी लुगडं, धोतर, चादर गोल गुंडाळत टबाच्या भिंतीशी सारखं पसरा, मध्ये पोकळी ठेवा, छोटे कपडे वर, मग दाबण. तरीही आपटत असेल तर मोटरखालच्या तीन स्प्रिंगांपैकी एखादी तुटलेली किंवा रबर फाटलेलं असेल.

खालची जाळी किंवा पॅनल हरवलं असेल तर ते नवं लावा. सोयाबीन घरात येऊन पडलं की उंदीर येतात, आणि मशीनखालची ऊबदार जागा त्यांना आवडते. कुरतडलेली एक तार आख्ख्या दिवसाचा शोध लावायला लावते.

ऑटोमॅटिक वरून भरायचं मशीन

इथे टब एकच. मशीन आधी पाणी काढतं, टब रिकामा झाल्याची खात्री करतं, हळूहळू फिरवून तोल बघतं आणि मगच वेग देतं. मधली कोणतीही पायरी अडली की पिळणं होत नाही. म्हणून पहिला प्रश्न: टबात पाणी आहे का? असेल तर नळी दुमडली आहे का, मोरीतलं तोंड तुंबलंय का, ड्रेन वॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी सोडणाऱ्या झडपेत, नाणं, हेअरपिन, सुपारीचं खांड किंवा खिशात राहिलेली पुडी अडकली आहे का ते बघा.

पाणी निघून गेलंय, तरी टब उभा आणि तळातली चकती मात्र फिरतेय, तर ड्रेन मोटर संशयित. ती एकाच तारेने दोन कामं करते: वॉल्व्ह उघडते आणि ब्रेक सोडवून क्लच टबाला जोडते. दमलेली मोटर अर्धवट ओढते; तेवढ्याने पाणी निघतं पण क्लच लागत नाही. पट्ट्याच्या मशीनांत पट्टा बोटाने दाबून बघा, सेंटिमीटरभर दबला पाहिजे. जास्त लोंबत असेल किंवा काचेसारखा चकाकत असेल तर बदला. कंडेन्सरचं वर लिहिलेलं सगळं याही मोटरला लागू आहे, फक्त इन्व्हर्टर मोटरला कंडेन्सर नसतो.

पडद्यावर बऱ्याच मशीनांत ‘यूई’ म्हणजे तोल बिघडला आणि ‘ओई’ म्हणजे पाणी निघत नाही, पण कंपनीप्रमाणे खुणा बदलतात, पुस्तिका जपून ठेवा. तोल बिघडला की मशीन पुन्हा पाणी घेऊन कपडे सारखे करायला बघतं. नेमकं तेव्हा टाकी रिकामी असेल, किंवा नळ बंद करून टाकलेला असेल, तर ते पाण्याची वाट बघत बसतं. आठ-दहा दिवसांनी एकदा नळाला पाणी येतं अशा गावांत ‘मशीन पिळत नाही’ या तक्रारीमागं कित्येकदा ही रिकामी टाकी असते. धुणं सुरू करण्याआधी शेवटच्या फेरीपुरतं पाणी आहे का बघा.

फेसही मशीन अडवतो. जड पाण्यात फेस कमी होतो म्हणून पावडर जास्त टाकायची सवय लागते. मग धरणाचं किंवा पावसाचं हलकं पाणी आलं की तेवढीच पावडर फेसाचा डोंगर करते. आतला टब आणि बाहेरचं पिंप यांच्या मधली फट फेसाने भरते आणि तो ब्रेकसारखा काम करतो. पाणी बदललं की पावडर निम्मी करा, कमी फेसाची वापरा.

टबाच्या चार कोपऱ्यांवरचे सळीचे झोपाळे तपासायला टब एका बाजूला खाली दाबून सोडा. वर येऊन शांत झाला तर ठीक, पाळण्यासारखा हेलकावत राहिला तर चारही एकदम बदला, एकटा नवा लावला तर तोल उलट बिघडतो. मशीनचे पाय जमिनीला सारखे टेकले आहेत का हे झाकणावर पाण्याने भरलेली ताटली ठेवून कळतं.

समोरून भरायच्या मशीनमध्ये घरी करण्यासारखं काम मुख्यतः एकच, खालच्या कोपऱ्यातली पंपाची जाळी. परात लावा, झाकण हळूहळू उलटं फिरवा, पाणी निथळू द्या, जाळी धुवा, आतला छोटा पंखा बोटाने फिरतो का बघा. पिळताना विमान उठल्यासारखा आवाज वाढत चालला असेल तर बेअरिंग. कार्बन ब्रशची मोटर असेल तर झिजलेले ब्रश बदलता येतात. बाकी कार्ड (आतली इलेक्ट्रॉनिक पाटी), सेन्सर आणि इन्व्हर्टर मोटर यांचं काम जाणकाराकडंच द्या. लाईट जाऊन परत येताना प्लग काढलेला असणं एवढीच त्यांची घरगुती निगा.

मिस्त्री बोलावला तर त्याला मोटर खोलायला लावण्याआधी तीन गोष्टी त्याच्याकडून करून घ्या: झाकण बंद ठेवून कपलिंग हाताने फिरवून दाखव, कंडेन्सर मोजून दाखव, मोटरच्या तीन तारांचे आकडे सांग. काम झाल्यावर आधी रिकामा टब मिनिटभर, मग दोन किलो ओले कपडे टाकून पूर्ण पाच मिनिटं चालवून बघा, झाकण उघडून ब्रेक किती वेळात थांबवतो ते मोजा, मशीनखाली कोरडी फरशी राहिली का तेही वाकून बघा. बदललेला जुना भाग मागून घ्या आणि त्यावरचा आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने नाही, मार्करने लिहून ठेवा.